छापलेली तिथी

‘तापीकाठ’ अजून निघतं का हो, असं कुणी विचारलं की दत्तात्रय गुरुजींचं डोकं फिरायचं. निघतं का म्हणजे काय? बासष्ट वर्षं निघतंय. राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर इकडे मध्यप्रदेशातच राहिलं, आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी गावातल्या चार मराठी मास्तरांनी हे मासिक काढलं. कचेरीत हिंदी आली होती, शाळेत येत होती, बाजारात तर ती आधीपासूनच होती. निदान महिन्यातून एकदा घरात चार मराठी अक्षरं यावीत, एवढाच त्यांचा हेतू. ते चौघे कधीच गेले. गेली पस्तीस वर्षं गुरुजी संपादक होते. संपादक म्हणजे लेख मागणारे, प्रुफं तपासणारे, अंकांवर पत्ते चिकटवणारे आणि पिशवीत भरून पोस्टात नेऊन टाकणारेही तेच.

आता खरं सांगायचं तर सोळा पानांच्या त्या मासिकात वाचण्यासारखं फार काही नसायचं. केळीवरच्या रोगाची माहिती, कुणा निवृत्त तलाठ्याची कविता, कुणाचा मुलगा इंदुरात इंजिनिअर झाल्याबद्दल अभिनंदन. पण शेवटचं पान सगळे आधी उघडायचे. त्या पानाचं नाव ‘स्मरण’. आसपासच्या मराठी घरांत कुणी गेलं की घरचं माणूस चिठ्ठी घेऊन गुरुजींकडे यायचं. चिठ्ठीवर नाव, गाव आणि इंग्रजी तारीख. गुरुजी पंचांग काढून त्या तारखेची तिथी बघायचे आणि दोन्ही छापायचे. लोक तेवढा तुकडा कापून गेलेल्याच्या फोटोखाली चिकटवत, आणि पुढे दर वर्षी त्या तिथीला पितराचं पान वाढत. तारखेकडे कुणी ढुंकून बघत नसे. भटजीसुद्धा आधी विचारायचे, ‘तापीकाठ’मध्ये काय दिलंय?

मग फुकटातलं इंटरनेट आलं आणि तीन वर्षांत सगळं फिरलं. माणूस जातो न जातो तोच त्याचा हार घातलेला फोटो सगळ्यांच्या फोनवर. मासिक तीच बातमी घेऊन पोचेपर्यंत तेरावासुद्धा उरकलेला असायचा. मासिक चालवणाऱ्या मराठी मंडळाचा सचिव प्रकाश, गावातल्याच लालबागेत त्याचं मोबाइलचं दुकान, एके काळचा गुरुजींचाच विद्यार्थी. त्याने विषय काढला.

“काका, नाराज नका होऊ,” तो म्हणाला. “पण अंक येतो कधी आणि वाचतो कोण? सगळं फोनवर टाकून देऊ. तिथीच्या दोन दिवस आधी घरच्यांना आपोआप मेसेज. इससे अच्छा काय पाहिजे?”

अच्छाच होतं. गुरुजींनाही ते कळत होतं, म्हणून तर त्यांचा जास्त जळफळाट व्हायचा. त्यांच्याजवळ उत्तर एकच होतं. “छापलेलं पक्कं असतं, प्रकाश. फोनवरचं आज आहे, उद्या नाही.” हे वाक्य त्यांनी मंडळाच्या बैठकांत इतक्यांदा म्हटलं होतं की त्यांनी तोंड उघडलं की दोघे-तिघे ते आधीच पुटपुटायचे. शेवटी ठरलं, नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी बैठक घ्यायची आणि मासिक छापायचं की थांबवायचं याचा एकदाचा निकाल लावायचा.

तोवर जुनी ‘स्मरण’ची पानं फोनच्या यादीत चढवायचं काम प्रकाशच्या बायकोने, वंदनाने, अंगावर घेतलं. रोज संध्याकाळी गुरुजी बांधलेले जुने अंक घेऊन तिच्याकडे जात. ते वाचायचे, ती टाइप करायची. आपल्याच मासिकाच्या गळ्याला नख लावायला आपण रोज पायी जातो, असं त्यांना वाटायचं, पण काम चोख व्हावं ही जन्माची खोड. शिवाय पोरगी गोड होती. प्रत्येक नावाला गुरुजी थांबून काहीतरी सांगायचे, हा पोहायला पट्टीचा, हिने नणंदांची चार लग्नं लावून दिली, आणि वंदना हात थांबवून ऐकायची.

मंगळवारी गुरुजींनी वाचलं, “लीलाधर दगा पाटील, फोपनार. सतरा डिसेंबर. पौष वद्य पंचमी.”

पडद्यावरचा चौकोन लाल झाला. वंदनाने पुन्हा विचारलं, गुरुजींनी पुन्हा वाचलं. चौकोन लालच.

“काका, तारखेशी तिथी जुळत नाही. हे तर मार्गशीर्ष वद्य पंचमी दाखवतंय.”

गुरुजी म्हणाले, यंत्राला काय कळतं. मग त्यांनी अंकाच्या पुठ्ठ्यावरचं साल बघितलं. त्यांना ते वर्ष आठवलं. त्यांचं मराठी पंचांग शेजारच्यांनी मुलीचा मुहूर्त काढायला नेलं होतं, छापखान्याचा माणूस प्रुफांसाठी दारात उभा, आणि स्वयंपाकघरात किराणा दुकानाचं हिंदी कॅलेंडर लटकत होतं. त्यांनी तिथून बघितलं. आता बुऱ्हाणपुरात हे शेंबड्या पोराला ठाऊक, की आपला महिना अमावास्येला संपतो आणि हिंदीवाल्यांचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं जुळतं. वद्य पक्षात त्यांचा महिना आपल्या एक पाऊल पुढे. आपला मार्गशीर्षातला काळा पंधरवडा त्यांच्याकडे पौषाचा. पस्तीस वर्षं गुरुजींनी हे शेकडो लोकांना समजावून सांगितलं होतं, आणि एकदा घाईत स्वतःच तसंच उतरवून घेतलं. फोपनारचे पाटील अकरा वर्षं बापाचं पान महिनाभर उशिरा वाढत होते.

वंदनाने दोनदा बोट टेकवलं. चौकोन हिरवा झाला. “झालं काका. अब सही है.”

गुरुजींच्या छातीवरचा दगड क्षणात उतरला. इतकं सोपं असतं हे? ना कुणाला कळलं, ना कुणी विचारलं. चहा आला. दोन घोट घेतले आणि कप त्यांनी तसाच खाली ठेवला.

प्रकाश दुकानातून आला, त्याला वंदनाने सांगितलं. तो गुरुजींजवळ खाली बसला. “काका, ही गोष्ट इथेच ठेवा. रविवारी बैठक आहे. तुमचा मुद्दा काय, तर छापलेलं पक्कं. लोक म्हणतील, पक्की चूक.”

“तू तर मासिक बंद करणाऱ्यांपैकी,” गुरुजी म्हणाले. “तुला बरंच की.”

“मासिक बंद करायचंय. तुम्हाला बदनाम नाही करायचं.”

तो मनापासून बोलला होता, आणि त्यामुळेच गुरुजींना ते जास्त लागलं.

दोन दिवस गुरुजी घरात कुणाशी धड बोलले नाहीत. बायकोने, निर्मलाबाईंनी, आधी भाजीत मीठ कमी पडलं का विचारलं, मग जास्त झालं का विचारलं, शेवटी ताट बाजूला सारून म्हणाल्या, “आता सांगा.” गुरुजींनी सांगितलं. बाई काही फार शिकलेल्या नव्हत्या, पण हिशेबाचं बोलल्या. “यंदा त्यांना मेसेज जाईल मार्गशीर्षात. घरात तुमचं पान चिकटवलेलं आहे, त्यावर पौष. ते कशावर विश्वास ठेवतील?”

“पानावर,” गुरुजी म्हणाले.

“मग वंदनाने दुरुस्त केलं ते कुणासाठी?”

ज्या गोष्टीचा त्यांनी जन्मभर अभिमान धरला, तीच आता गळ्याशी आली होती. शुक्रवारी सकाळी ते फोपनारला निघाले. प्रवासी मॅजिक गाडीत केळीच्या खोडांच्या वासात अंग चोरून बसले आणि काय बोलायचं ते मनात जुळवत राहिले. परीक्षेला निघालेल्या पोरासारखी त्यांची अवस्था होती. मास्तरकीत जन्मभर ती अवस्था त्यांनी दुसऱ्यांचीच बघितली होती.

लीलाधरची बायको मालूबाई अंगणात शेंगा फोडत होती. मुलगा गोटू, चाळिशीचा, मळ्यातून नुकताच आला होता, पायात चपला नाहीत. गुरुजींना बघून दोघे लगबगीने उठले. गुरुजींनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, कॅलेंडर, महिना, घाई, काहीही न वगळता. ओसरीच्या भिंतीवर लीलाधरचा फोटो होता आणि त्याखाली तो पिवळा पडलेला तुकडा. त्याच्याकडे बघायचं ते टाळत होते.

मालूबाईने हातातली शेंग खाली ठेवली. “मले वाटेच,” ती म्हणाली. “हे गेले तवा संकरांत लांब व्हती. मी तीळ आनलेच नव्हते अजून. आन् पान तं आमी बहुतेक संकरांतीच्या मांगून वाढतो. एकदोन साल मले शक आला. पर मंग म्हनलं, पुस्तकात छापलं हाये. मीच भुलली असन.”

गुरुजींना वाटलं, हिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वतःच्या नवऱ्याच्या मरणाचा दिवस या बाईला पक्का ठाऊक होता, आणि आपल्या एका ओळीने तिला तो खोटा वाटायला लावला. छापलेलं पक्कं असतं हे त्यांनी हजारदा म्हटलं होतं. ते इतकं पक्कं असतं हे त्यांना आज कळलं.

गोटू मात्र भिंतीला टेकून उकिडवा बसला. “गुरुजी,” त्याने विचारलं, “मतलब, आमी बापाले गलत दिवशी बलावत व्हतो?”

“हो.”

“अकराही साल?”

“अकराही.”

मग मालूबाईने सांगितलं ते गुरुजींना ठाऊक नव्हतं. लीलाधर गेला तेव्हा गोटू केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला गेला होता. तो परतेपर्यंत चुलत्याने अग्नी दिला होता. पुढे दर वर्षी तिथीला घरावर घास ठेवला की कावळा शिवायचा नाही. दुपार कलायची, पाहुणे भुकेले बसायचे, आणि शेवटी भटजी दर्भाचा कावळा करून तोच घासाला लावायचे. गाव म्हणायला लागलं, थोरल्या पोरावर बाप नाराज आहे. गोटूने एका वर्षी तंबाखू सोडली. तरी नाही. चार वर्षांपूर्वी चपला सोडल्या. तरी नाही. भाऊबंद तोंडावर काही म्हणत नसत, पण कुणाच्या अंत्यविधीला गोटू पुढे झाला की एखादा हळूच म्हणायचा, तू राहू दे.

“बाप नाराज नव्हता मंग?” गोटूने विचारलं. लहान मुलाने विचारावं तसं विचारलं.

गुरुजी जन्माचे विज्ञानाचे मास्तर. कावळ्याला तिथी कळते असं त्यांनी कधी मानलं नव्हतं, आणि आज मानल्यासारखं दाखवणं त्यांना जमणार नव्हतं. “कावळ्याचं मला कळत नाही, गोटू,” ते म्हणाले. “पण ज्या दिवशी तू बोलावलंस तो दिवस तुझ्या बापाचा नव्हताच. ती चूक तुझी नाही. माझी आहे.”

गोटूने पंच्याने तोंड झाकून घेतलं. मालूबाई त्याच्या जवळ सरकली नाही, त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने त्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, “गुरुजी, हे छापसान का?”

“फोनवर दुरुस्त केलंय. तुला मेसेज येईल.”

“फोन मायाजवळ बी हाये,” गोटू म्हणाला. केळीचा भाव तो रोज सकाळी फोनवरच बघायचा. “फोनवर तं मीच लिहिलं म्हनतीन. तुमी छापा. गावाले दाखवाचं हाये मले.”

गुरुजी हो म्हणाले.

रविवारी बैठक भरली. विषय निघायच्या आधीच गुरुजी उभे राहिले आणि त्यांनी फोपनारची सगळी हकिगत सांगून टाकली. मासिकाच्या बाजूने सगळ्यात हटून बसणारे कापडवाले गजाननशेठ कपाळाला हात लावून म्हणाले, “गुरुजी, हे आजच सांगायची गरज होती का?” कुणी तरी म्हणालं, म्हणजे अशा अजून किती असतील? गुरुजी खाली बसले. हात वर झाले, सात विरुद्ध चार. डिसेंबरचा अंक शेवटचा. प्रकाशचा हातही सातांत होता. पण जिंकलेल्या माणसाचं तोंड असं नसतं, आणि घरी परतताना त्याने गुरुजींची पिशवी उगाचच आपल्या हातात घेतली.

शेवटच्या अंकात काय घ्यायचं, यावर गुरुजींनी फार डोकं चालवलं नाही. निरोपाचा मोठा लेख लिहा म्हणून लोकांनी सांगितलं, त्यांनी दोन ओळींत आटोपलं. पहिल्या पानावर मात्र चौकटीत छापलं: फोपनारचे कै. लीलाधर दगा पाटील यांची तिथी मार्गशीर्ष वद्य पंचमी आहे. अकरा वर्षांपूर्वी या मासिकात ती पौष वद्य पंचमी अशी चुकीची छापली गेली. ही चूक सर्वस्वी संपादकाची आहे. त्यामुळे पाटील कुटुंबाला, विशेषतः त्यांचे चिरंजीव गोटू यांना जो मनस्ताप झाला त्याबद्दल संपादक त्यांची हात जोडून क्षमा मागतो. खाली पूर्ण नाव.

छापखान्यातून गठ्ठे आले ते प्रकाशच्या दुकानात उतरले. गुरुजी आणि वंदना पत्ते चिकटवत बसले होते, तेवढ्यात गोटू आला. त्याने एक अंक उचलला, दुकानाच्या पायरीवर बसला आणि ओळीखाली बोट धरून ती चौकट वाचली. मोठ्याने वाचली. ‘चिरंजीव गोटू’ला आवाज जरा अडखळला. गिऱ्हाईक होतं ते बघायला लागलं. वाचून झाल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“वीस द्या,” तो म्हणाला. “घरोघर देतो. चुलत्याले पयले.”

वंदनाने मोजून दिले. गोटूने ते टॉवेलात नीट बांधले, खिशातून एक चिठ्ठी काढली आणि विचारलं, “फुडच्या महिन्यात कवा येऊ? माया बुवाचं, आत्याच्या मालकाचं, बी स्मरन द्याचं हाये, ते पंधरा दिवस झाले गेले.”

गुरुजी पत्ते चिकटवत राहिले. प्रकाश काउंटरमागून म्हणाला, “दादा, मासिक आता बंद. हा शेवटचा. अब सब फोनवर. तारीख सांगा, मी आत्ता टाकतो.”

“आन् गलती झाली तं?”

“झाली तर लगेच दुरुस्त होते. एका सेकंदात. कुणाला कळत पण नाही.”

गोटू त्याच्याकडे वळला. रागाने नाही, खरोखर न समजल्यासारखा. “तेच तं म्हनतो, भाऊ,” तो म्हणाला. “कोनाले मालूमच नाही पडनार. मंग ज्याचं नुकसान झालं, त्याले कोन सांगनार?”

वंदनाच्या हातातला पत्त्याचा कागद तसाच राहिला. त्या मंगळवारी दोनदा बोट टेकवून आपण काय पुसून टाकलं होतं, ते समोर पायरीवर बसलेलं तिला दिसत होतं. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत.

“मी पुसलं होतं,” ती नवऱ्याला म्हणाली. “काका गेले नसते तर यांना जन्मात कळलं नसतं.”

गिऱ्हाईक रिचार्ज मागत होतं, प्रकाशला ऐकू येत नव्हतं. त्याने काउंटरचं फळकूट वर केलं, बाहेर आला आणि गोटूच्या हातातली चिठ्ठी घेतली. ती फोनवर चढवली नाही. गुरुजींसमोर ठेवली.

“काका, छापखान्यात जानेवारीचा कागद सांगितला होता का?”

“कशाला सांगू? ठराव झालाय.”

“सांगून ठेवा,” प्रकाश म्हणाला. “सात जणांत मी एक आहे. बाकीच्या सहांना मी यांच्याकडे फोपनारला घेऊन जातो.”

गुरुजींनी चिठ्ठी उलगडली. चष्मा पुसावा लागला, तो त्यांनी दोनदा पुसला. मग वंदनाला म्हणाले, “तू तुझ्या यंत्रावर तिथी बघ. मी पंचांगात बघतो. दोघांचं जुळलं तरच छापायचं.”